पंचेचाळीस मिनिटांतला भारत

एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदासाठी मी मुलाखत दिली, त्याला आता पंधराहून अधिक वर्षे झाली. पहिल्याच फेरीत मला विचारले गेले, ‘तुमचे आवडते उत्पादन कोणते आणि का?’ क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर आले ते कानपूरच्या आमच्या घरातले पायाने चालणारे शिलाई मशीन. आईने त्या मशीनवर आम्हा तिघा भावंडांच्या शिक्षणाचा खर्च भागवला होता. त्याचा पट्टा तुटला तर ती तो स्वतः बदलत असे. ते कधी आणि कुठे कुरकुरते हे तिला ठाऊक होते. तीस वर्षांत त्या यंत्राने तिला एकदाही माहितीपुस्तिका उघडायला लावली नाही. उत्पादन कसे असावे याचे याहून चांगले उदाहरण मला आजही सापडलेले नाही. पण मी उत्तर दिले, ‘आयपॉड’. माझ्याकडे तेव्हा आयपॉड नव्हता. एका मित्राचा दोन-तीनदा हाताळला होता, इतकेच. मुलाखत घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान उमटले आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्या वस्तूविषयी असे बोलत राहिलो, जणू आम्ही दोघेही तिच्या सोबतीने लहानाचे मोठे झालो होतो. मला नोकरी मिळाली.

एका नोकरीच्या मुलाखतीची ही खासगी आठवण राष्ट्रीय घडामोडींच्या स्तंभात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या पदाच्या स्वरूपात आहे. प्रॉडक्ट मॅनेजर संगणकाची आज्ञावली लिहीत नाही, पडद्यावरची चित्रे काढत नाही आणि विक्रीही करत नाही. काय बनवायचे, कोणासाठी बनवायचे, आधी काय आणि नंतर काय, आणि कोणाची अडचण तूर्त बाजूला ठेवायची, हे तो ठरवतो. या पदाचे मूळ साबणाच्या व्यापारात आहे. १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी कंपनीतील नील मॅकेलरॉय या तरुण अधिकाऱ्याने एक टिपण लिहून प्रत्येक उत्पादनाची संपूर्ण जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी अशी सूचना केली. (हेच मॅकेलरॉय पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.) गूगलने २००२ मध्ये नवपदवीधरांना या कामासाठी घडवणारा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला आणि तेव्हापासून तंत्रज्ञान उद्योगात या पदाला मोठी प्रतिष्ठा आली. २०२३-२४ मध्ये भारतात बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७०० हून अधिक ‘जागतिक क्षमता केंद्रे’ होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करत होते. पूर्वी या केंद्रांकडे परदेशात ठरलेले काम पार पाडण्यासाठी येत असे. आता काय करायचे हे ठरवण्याचे कामही बंगळूरु, हैदराबाद आणि गुरुग्राममध्ये होऊ लागले आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्यामुळेच, हे ठरवणारी माणसे कोणत्या दारातून आत येतात हा प्रश्न केवळ कंपनीच्या मनुष्यबळ विभागापुरता राहत नाही.

बटणांचे राज्यशास्त्र

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. त्या उन्हाळ्यात देशाच्या अनेक भागांत अशाच अफवांनी बळी घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि छायाचित्रे व चित्रफितींच्या शेजारी असलेले झटपट पाठवण्याचे बटण काढून टाकले. राईनपाड्याची हत्या बटणाने केली नाही; ती माणसांनी केली. परंतु एखादा संदेश एका स्पर्शात किती घरांत पोहोचावा, हे कोणीतरी आधी ठरवलेले होते. तो आकडा बदलता येतो हेही कंपनीच्या त्या निर्णयाने सिद्ध झाले. तो आधीच का बदलला गेला नाही, याचे उत्तर आपल्याला कोणत्याही विधिमंडळाच्या कामकाजात सापडणार नाही.

दुसरे उदाहरण पैशांचे. यूपीआयमध्ये समोरच्याकडून पैसे मागण्याची एक सोय होती. मागणीची सूचना आली की पिन टाकायचा आणि पैसे द्यायचे. शहरी, सुशिक्षित मित्रमंडळींत हॉटेलचे बिल वाटून घेण्यासाठी ती उत्तम. पण जुने कपाट विकायला काढलेल्या माणसाला ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून लुबाडणाऱ्यांनाही ती तितकीच सोयीची ठरली. पैसे घेताना पिन लागत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा विचार त्या पडद्याच्या रचनेत पुरेसा झालेला नव्हता. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधील व्यवहारांसाठी ही सोय बंद करण्याचा निर्णय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, घेतला. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या उशिराची किंमत ध्यानात येते.

तिसरे उदाहरण सरकारी. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट भरात असताना १८ ते ४४ वयोगटाला लशीसाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी करणे सक्तीचे होते आणि ते संकेतस्थळ इंग्रजीत होते. शहरातील तरुण गाड्या काढून खेड्यांतील केंद्रांवर पोहोचत होते आणि त्या खेड्यांतील लोक दारात उभे राहून पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीविषयी चिंता व्यक्त केली. मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषा जून महिन्यात आल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. हे संकेतस्थळ वापरणारा माणूस कसा असेल, याविषयीची एक कल्पना रचनाकारांच्या मनात होती आणि ती कल्पना देशापेक्षा लहान होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही कल्पना घडते कुठे? अनेक ठिकाणी, पण तिची अंतिम परीक्षा होते ती मुलाखतीच्या खोलीत.

चौकटीतले उत्तर

मोठ्या कंपन्यांत या पदासाठी साधारणतः चार ते सहा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी पाऊण तासाची असते. एका फेरीत एखादे उत्पादन कल्पून दाखवायचे: अंध व्यक्तींसाठी गजराचे घड्याळ तयार करा, भाजीविक्रेत्यांसाठी पैसे स्वीकारण्याची व्यवस्था सुचवा. दुसरीत अंदाज बांधायचा: दिल्लीत पेट्रोल पंप किती असतील? उमेदवार लोकसंख्येपासून सुरुवात करतो, कुटुंबे काढतो, वाहने काढतो आणि भागाकार करत उत्तरापर्यंत येतो. (ज्या देशाची २०२१ ची जनगणनाच लांबणीवर पडली, त्या देशात हा खेळ किती भुसभुशीत पायावर चालतो हा वेगळा विषय.) तिसऱ्या फेरीत एखादा आकडा अचानक घसरला तर कारण कसे शोधाल, हे विचारतात. चौथीत मतभेद, अपयश आणि नेतृत्व यांविषयीच्या कहाण्या सांगायच्या.

या पद्धतीत काही चांगले नाही असे मुळीच नाही. सर्वांना सारखे प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण, ही शिस्त गप्पावजा मुलाखतीपेक्षा निश्चितच बरी. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये कर्मचारी-निवडीवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. शिस्तबद्ध मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे, या दोन पद्धती गप्पावजा मुलाखतीपेक्षा पुढच्या कामगिरीचा अंदाज अधिक चांगला देतात, असे त्यांनी दाखवून दिले. विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील यासारखी कोडी निरुपयोगी आहेत, अशी कबुली गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनीही २०१३ मध्ये जाहीरपणे दिली होती. कंपन्या शिकत नाहीत असे नाही.

अडचण दुसरीकडे आहे. प्रश्न ठरलेले झाले तशी उत्तरेही ठरलेली झाली. आधी उद्दिष्ट विचारा, मग वापरकर्त्यांचे तीन गट पाडा, त्यांतला एक निवडा, त्याच्या तीन अडचणी सांगा, तीन उपाय मांडा, एकाला अग्रक्रम द्या आणि शेवटी यश कसे मोजाल ते सांगा. ही चौकट शिकवणारी पुस्तके आहेत, सशुल्क अभ्यासक्रम आहेत, सराव-मुलाखती आहेत. कोटा शहराने अभियांत्रिकी प्रवेशाचे जे केले, तेच या मुलाखतीचे होत आहे. उमेदवाराने भाजीविक्रेता पाहिला आहे का, हे कोणी तपासत नाही. भाजीविक्रेत्याचे तीन गट त्याला पाडता येतात का, हे तपासले जाते.

मी नाकारलेले उत्तर

आता मला एक कबुली द्यायची आहे. २०१७ मध्ये, नोटाबंदीनंतर डिजिटल पेमेंटची लाट आलेली असताना, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो होतो. भाजीविक्रेत्यांचा वरचाच प्रश्न मी एका उमेदवाराला विचारला. ती बिहारमधील एका लहान गावातून आलेली होती आणि बँक मित्रांसाठी यंत्रणा पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काही वर्षे काम केलेली होती. तिने गट पाडले नाहीत. तिने मलाच विचारले, ‘सर, फोन कोणाचा आहे?’

मला प्रश्न कळला नाही. ती अडखळत्या इंग्रजीत सांगू लागली. गाडीवर बसते ती आई, पण फोन मुलाच्या खिशात असतो. सिम मुलाच्या नावावर, पिन मुलाला पाठ. पैसे आल्याचा संदेश त्याच्याकडे जातो. गिऱ्हाईक म्हणते पैसे पाठवले; बाई खरे मानते, कारण तिच्याकडे पडताळायचे साधन नाही. रोकड असते तेव्हा ती तिच्या कमरेच्या पिशवीत असते आणि संध्याकाळी घरात किती द्यायचे हे ती ठरवते. पैसा फोनमध्ये गेला की तो तिचा राहत नाही. म्हणून, ती म्हणाली, आधी असे काहीतरी करायला हवे की फोन हातात नसताना, वाचता येत नसतानाही तिला पैसे आल्याचे कळेल. आणि मग हे पैसे तिचेच कसे राहतील हे पाहायला हवे.

यात बारा-तेरा मिनिटे गेली. यश कसे मोजाल, इथपर्यंत ती पोहोचलीच नाही. मी माझ्या नोंदीत लिहिले: ‘मांडणीत शिस्त नाही. संवादकौशल्य मध्यम.’ त्याच दिवशी दुसऱ्या एका तरुणाने तोच प्रश्न चौकटीत बसवून बावीस मिनिटांत पुरा केला. त्याने भाजीविक्रेत्यांचे ‘तंत्रस्नेही’, ‘अर्ध-तंत्रस्नेही’ आणि ‘तंत्रविन्मुख’ असे गट पाडले आणि पहिल्या गटाला अग्रक्रम दिला. त्याला निवडण्याची शिफारस मी केली. अंतिम निर्णय एका समितीचा होता. पण माझे मत त्यात होते.

आज देशभरातील हातगाड्यांवर अमुक रुपये मिळाल्याचे मोठ्याने सांगणारा छोटा डबा दिसतो. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तिचे उत्तर आठवले. तिच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग बाजाराला कळला होता. दुसरा अर्धा भाग, पैसे त्या बाईचेच कसे राहतील हा, अजून कोणी हाती घेतलेला नाही. डबा पैसे आल्याचे सांगतो. ते कोणाच्या हाती गेले हे तो सांगत नाही.

ती बिहारमधील लहान गावातून आली म्हणून तिचे उत्तर बरोबर होते, असा माझा दावा नाही. मीही काही मोठ्या घरातून आलो नव्हतो. माझ्या आईचे मशीनही कानपूरच्या एका गल्लीतच होते. तरीही मी आयपॉड म्हणालो. मला अधिक टोचते ते हेच. ही मुलाखत बाहेरच्या माणसाला बाहेर ठेवते एवढेच तिचे काम नाही. आत येणाऱ्याला आपल्याजवळचे ज्ञान दाराशी काढून ठेवायला ती शिकवते. आणि तो पुढे परीक्षकाच्या खुर्चीवर बसला की इतरांकडूनही तेच करून घेतो. आठ-नऊ वर्षांत मी हा धडा इतका चांगला गिरवला होता की, माझ्याच आईविषयी असू शकणारे उत्तर मला ओळखता आले नाही.

गुणवत्ता नावाची भाषा

२०११ च्या जनगणनेनुसार १२१ कोटी भारतीयांपैकी सुमारे १२.९ कोटींनी पहिली, दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून इंग्रजी येत असल्याचे सांगितले. म्हणजे दहातील एक. त्यातही अर्धा-पाऊण तास न अडखळता इंग्रजीत तर्क मांडू शकणारे किती, याचा वेगळा हिशेब करण्याची गरज नाही. जे उत्पादन दहा-बारा भारतीय भाषांत विकायचे आहे, त्याचा विचार करणारा माणूस मात्र एकाच भाषेत तपासला जातो.

भाषेच्या पाठोपाठ कुळ येते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लीम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक-तृतीयांश होती. त्याच सुमारास कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी मालक व मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, गुणवत्तेचा गजर करणारे बहुतेक जण मुलाखतीत ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक मानतात.

आजची बहुराष्ट्रीय कंपनी कौटुंबिक पार्श्वभूमी विचारणार नाही. तिच्या नियमांत ते बसत नाही. ती विचारते, ‘तुमचे आवडते उत्पादन कोणते?’ कोणी बाह्य आवाज बंद करणाऱ्या हेडफोनचे नाव घेतो, कोणी मनगटी घड्याळाचे. घरात काय होते आणि काय नव्हते हे पहिल्या दोन वाक्यांत कळते. प्रश्न सभ्य आहे, पण उत्तर तेच देतो.

काही आक्षेप, काही सूचना

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कंपनी ही सेवाभावी संस्था नाही. तिला नेमकेपणाने बोलणारी माणसे हवीत, कारण प्रॉडक्ट मॅनेजरला पन्नास अभियंत्यांना आपले म्हणणे पटवायचे असते. हे मला मान्य आहे. परंतु विचारात स्पष्टता असणे आणि पाठ केलेल्या चौकटीत बोलणे या दोन गोष्टी एक नाहीत. आता तर ही चौकट चॅटबॉटही काही सेकंदांत भरून देतो. पडद्याआडून उत्तरे पुरवली जातात या भीतीने काही कंपन्या समोरासमोरची फेरी पुन्हा आणू लागल्या आहेत. खरे तर यंत्राला जे उत्तर सहज देता येते, ते माणसाकडून मागण्यात अर्थ काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला हवा. ‘फोन कोणाचा आहे?’ हे विचारणारा माणूस आता अधिक मौल्यवान झाला आहे.

दुसरा आक्षेप, जे ठाऊक नाही ते संशोधनातून शिकता येते. येते, पण त्यासाठी आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करता आले पाहिजे. सुंदर पिचाई यांनी जानेवारी २०१७ मध्ये खरगपूर आयआयटीच्या विद्यार्थ्यांना सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. १ एप्रिल २००४ रोजी ते गूगलमध्ये मुलाखतीला गेले. जीमेलची घोषणा त्याच दिवशी झालेली. मुलाखत घेणारे जीमेलविषयी मत विचारत होते आणि पिचाईंना ती एप्रिल फूलची थट्टा वाटत होती. चौथ्या मुलाखतीत कोणीतरी विचारले, ‘तुम्ही जीमेल पाहिले आहे का?’ ते ‘नाही’ म्हणाले, तेव्हा त्यांना ते दाखवण्यात आले. मग पाचव्या फेरीत त्यांना बोलता आले. या गोष्टीतून लोक पिचाईंचे भाग्य काढतात. मला त्यात चौथ्या परीक्षकाचा शहाणपणा दिसतो. त्याने वस्तू समोर ठेवली आणि मग मत विचारले.

माझ्या सूचना साध्या आहेत. भारतात काम करणाऱ्या कंपन्यांनी किमान एक फेरी उमेदवाराच्या पसंतीच्या भारतीय भाषेत घ्यावी. एखाद्या फेरीऐवजी उमेदवाराला अर्धा दिवस मंडईत, रेशन दुकानात किंवा बँक मित्राच्या टेबलापाशी बसवावे आणि त्याने काय पाहिले हे विचारावे. कामाचा नमुना म्हणतात तो हाच. कंपन्यांवर हे लादता येणार नाही, पण सार्वजनिक व्यवस्थांवर येते. जे ॲप वा संकेतस्थळ वापरल्याशिवाय नागरिकाला त्याचा हक्क मिळत नाही, ते खुले होण्याआधी इंग्रजी न येणाऱ्या, साधा फोन असणाऱ्या आणि दृष्टिहीन नागरिकांकडून तपासून घेतले गेले पाहिजे आणि त्या तपासणीचा अहवाल जाहीर झाला पाहिजे. पुलाचा आराखडा करणाऱ्याकडून आपण भार-चाचणी मागतो. रोज कोट्यवधी लोक ज्यावरून जातात, त्या पडद्यालाही तीच कसोटी हवी.

मी आजही अधूनमधून अशा मुलाखती घेतो. ‘आवडते उत्पादन कोणते’ हे विचारणे मात्र सोडले आहे. त्याऐवजी मी विचारतो, ‘तुमच्या घरातली अशी कोणती वस्तू आहे, जी घरातल्या एकालाच नीट वापरता येते? आणि बाकीच्यांचे त्यामुळे काय होते?’ या प्रश्नाचे तयार उत्तर अजून कोणाजवळ नसते. उमेदवार थोडा वेळ गप्प राहतो, आणि बहुतेक वेळा आईविषयी बोलू लागतो.